भोकरदनच्या वाटेवरचे यवन

अजिंठ्याला निघालेल्या आपल्या धम्मसहलीच्या गाड्या जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला येतात, चहापुरत्या थांबतात आणि सिल्लोडकडे निघून जातात. गाडीत बसलेल्या उपासक-उपासिकांना भोकरदन म्हणजे तालुक्याचे गाव, बाजारपेठ आणि एस.टी. स्टँड एवढेच ठाऊक असते. त्यात त्यांचा दोष नाही. शाळेच्या पुस्तकात या गावाविषयी कोणी काय वाचले आहे? पण याच गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या स्तूपावर कोरले गेले, आणि याच परिसरातल्या कारागिरांच्या हातची मानली जाणारी एक वस्तू आज इटलीतल्या नेपल्स शहराच्या संग्रहालयात आहे. तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला गाडी थांबली की चहा जरा सावकाश घ्यावा.

जालना सोडले की मोसंबीच्या बागा लागतात, मग कपाशी आणि मका. राजूरला गणपतीच्या दर्शनाला आलेल्या लोकांची गर्दी ओलांडून गाडी पुढे निघते. भोकरदन हे केळणा नदीच्या काठचे गाव. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या बहुतेक नद्यांची जी गत होते तीच केळणेची. नदीच्या काठी खडकात कोरलेली लेणी आहेत, पण ती बरीच नंतरच्या काळातली आणि वैष्णव पंथाची. आपल्याला ज्या काळाशी काम आहे तो काळ जमिनीच्या वर नाही, खाली आहे.

जुन्या वस्तीची माती आपल्याकडे ‘पांढर’ म्हणून ओळखली जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या घरांच्या भिंती, फुटकी खापरे, हाडे असे सगळे एकावर एक साचून तिचे टेकाड होते. शेतकरी ही माती खताऐवजी शेतात नेऊन टाकतात आणि पहिल्या पावसानंतर पोरांना तिच्यात रंगीत मणी सापडतात. भोकरदनची पांढर अशीच. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ (ज्याला डॉ. बाबासाहेबांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला, तेच हे विद्यापीठ) यांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. मातीखालून सातवाहनांच्या काळातले गाव वर आले. त्याचे नाव भोगवर्धन. भोगवर्धन हेच झिजत झिजत भोकरदन झाले.

उत्खननात मणी, नाणी, खापरे सापडली. पण सगळ्यात बोलकी निघाली ती हस्तिदंतात कोरलेली स्त्रीमूर्ती. तिची घडण पाहताच जाणकारांना दुसरी एक मूर्ती आठवली. इटलीत व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी इ.स. ७९ मध्ये फुटला आणि पाँपेई हे शहर राखेखाली जसेच्या तसे गाडले गेले. त्या शहरातल्या एका घरात १९३८ साली मायुरी नावाच्या पुरातत्त्वज्ञाला हस्तिदंताची वीतभर उंचीची मूर्ती सापडली. अंगावर दागिने ल्यालेली स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. काहींनी तिला लक्ष्मी म्हटले, काहींनी यक्षी. मूर्ती हिंदुस्थानातली याबद्दल शंका नव्हती. ती मथुरेकडची असावी असे आधी मानले गेले. भोकरदनला तशाच घडणीचे काम सापडल्यावर म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुराविदांनी ती या भागात घडली असावी असे मत मांडले. केळणेच्या काठचा कारागीर आणि पाँपेईतला घरमालक! दोघांनी एकमेकांचे गाव कधी ऐकलेही नसेल.

मग ही मूर्ती तिकडे नेली कोणी?

त्या काळी पैठण आणि तेर येथून मालाच्या गाड्या भडोचच्या बंदराकडे जात. भोगवर्धन या व्यापारी वाटांच्या जाळ्यातले गाव. भडोचहून जहाजे मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत, तांबड्या समुद्रातून मिसर देशात पोहोचत आणि तिथून माल अलेक्झांड्रियाला जाई. अलेक्झांड्रिया हे शिकंदराने वसवलेले ग्रीक शहर. राज्य रोमनांचे असले तरी या धंद्यातल्या माणसांची बोली ग्रीक होती. अशाच एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने इ.स.च्या पहिल्या शतकात समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, तिथून गोमेदासारखे दगड बैलगाड्यांनी रस्ता नसलेल्या मुलखातून येतात, तेरहून कापड येते, हे सगळे तो नोंदवतो. भडोचहून हस्तिदंत बाहेर जातो हेही लिहितो. उलट दिशेने येणाऱ्या मालात द्राक्षाची दारू, तांबे, कथील, पोवळे, काच आहे. आणि राजासाठी गाणारी मुले व देखण्या मुलीही आहेत. मालाच्या यादीत माणसे! त्या व्यापाऱ्याने हे दारूच्या शेजारी सहज लिहून टाकले आहे. ही गोष्ट मनात ठेवू, पुढे लागणार आहे.

या ग्रीकांना आपल्याकडे ‘यवन’ किंवा पालीत ‘योन’ म्हणत. आयोनिया या त्यांच्या प्रांताच्या नावावरून इराणी लोकांनी ‘यौन’ केले, आपण यवन केले. पुढे बखरींच्या काळात हा शब्द मुसलमानांना लावला गेला आणि त्याला तुच्छतेचा वास आला. मूळ शब्दात तो नव्हता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४६ च्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती मिळाली. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी तो समुद्रदेव कोणाच्या घरी होता कोण जाणे.

पण यवन केवळ तराजू घेऊन आले असते तर या साप्ताहिकाच्या वाचकांना त्यांच्याशी काय देणेघेणे? गंमत पुढे आहे. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे आणि गावे कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनच्या लोकांची दाने आहेत, आणि त्याच स्तूपावर एका योनाचेही दान आहे. तिथले दक्षिण दरवाजाचे नक्षीकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले, असेही तिथेच लिहिलेले आहे. म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातला उपासक, परदेशी यवन आणि हस्तिदंताचा कारागीर असे तिघे एकाच स्तूपाला हात लावून गेले. भरहुतच्या स्तूपावरही भोगवर्धनचे नाव येते.

महाराष्ट्रात तर हे यवन लेण्या-लेण्यांतून भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन छताच्या लाकडी कमानी पाहून झाल्यावर नजर खाली आणावी. दोन्ही बाजूंच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे आहेत. त्यांपैकी कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले आहेत. कोणाचे नाव सिहधय, कोणाचे यशवर्धन, एकाचे तर धम्म. नावे आपली, भाषा प्राकृत, पण पुढे ‘यवन’ हा शब्द न लाजता न लपवता कोरलेला. काही विद्वान म्हणतात की हे सगळे रक्ताने ग्रीक नसावेत, यवनांच्या व्यापारी गटात सामील झालेले इथलेच लोक असावेत. असेलही. पण त्यामुळे मुद्दा ढिला पडत नाही, उलट घट्ट होतो. ज्या नावाच्या आत बाहेरून शिरता येते ते नाव म्हणजे जात नव्हे.

जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची दाने आहेत. चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी दार दिले. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. आणि इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. पावसाळ्यात भरायचे आणि वर्षभर पुरायचे.

येथे मी जरा थांबतो. पाणी आणि जेवण! आपल्या समाजाला शतकानुशतके ज्या दोन गोष्टींपासून दूर ठेवले गेले त्याच या दोन. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन महाडला जावे लागले. आणि त्याच सह्याद्रीच्या डोंगरात, त्याच्या सुमारे अठराशे वर्षे आधी, एका परदेशी माणसाने दिलेल्या टाक्यातले पाणी संघ पीत होता. त्या पाण्याने कोणाचा धर्म बुडाला नाही. यवनाने बांधलेल्या मंडपात भिक्खू पंक्तीने जेवत होते, आणि त्या भिक्खूंची पूर्वाश्रमीची जात विचारण्याची संघात रीत नव्हती. पाणी बाटते ही कल्पना या भूमीत आकाशातून पडलेली नाही. ती नंतर आणली गेली, वाढवली गेली, आणि ती नसतानाही माणसे इथे जगत होती, याचा पुरावा दगडात आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत हाच झगडा एका डोंगरावर दिसतो. सतराव्या क्रमांकाचे लेणे उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या एका यवनाने कोरवले. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, वडिलांचे धम्मदेव आणि मुलाचे धम्मरक्षित. तिन्ही नावे इकडची. आईवडिलांच्या पुण्यासाठी आणि चारी दिशांच्या भिक्खुसंघासाठी त्याने हे लेणे, आतले चैत्य आणि पाण्याची टाकी दिली. आता त्याच डोंगरावरच्या तिसऱ्या लेण्यात या. तिथे गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी कोरून ठेवली आहे. शक, यवन आणि पल्हव यांचा त्याने निःपात केला, आणि चार वर्णांची सरमिसळ त्याने थांबवली, हे त्याचे मोठेपण म्हणून सांगितले आहे. आणि हे ज्या लेण्याच्या भिंतीवर लिहिले ते लेणे भिक्खूंनाच दान दिलेले! म्हणजे राजघराणे एका हाताने संघाला लेणे देत होते आणि दुसऱ्या हाताने वर्णांच्या कुंपणाचा अभिमान मिरवत होते. त्या राजमातेच्या दानाबद्दल आदर ठेवूनही मला वाटते, चौदा लेणी पुढे असलेला इंद्राग्निदत्त धम्माला अधिक जवळचा होता.

या यवनांचा दाखला खुद्द तथागतांनी दिलेला आहे हे फार थोड्यांना माहीत असते. मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. सावत्थीला पाचशे ब्राह्मण जमलेले असतात. ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण आहे हे बुद्धाशी वाद घालून सिद्ध करावे म्हणून ते अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या हुशार मुलाला पुढे करतात. तो मुलगा बिचारा नाही नाही म्हणतो, कारण बुद्धाशी वाद सोपा नाही हे त्याला ठाऊक असते. शेवटी जातो. तथागत त्याला विचारतात की योन आणि कंबोज देशांत व इतर सीमेवरच्या मुलखांत दोनच वर्ण आहेत, आर्य म्हणजे मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस का? तो म्हणतो, होय, ऐकले आहे. मग चार वर्ण ब्रह्मदेवाच्या मुखातून आणि पायातून निघाले असतील तर ते त्या देशांत का निघाले नाहीत? मुलगा गप्प होतो.

यात बुद्धांनी ग्रीकांची स्तुती केलेली नाही. त्यांनी फक्त खिडकी उघडली. बाहेर दुसरा देश आहे, तिथे दुसरी रीत आहे, म्हणजे तुमची रीत निसर्गाची नव्हे. आणि त्यांचे वर्णन किती नेमके होते पाहा. ग्रीसमध्ये गुलामी होती, आणि ती क्रूर होती. अथेन्समध्ये क्लाइस्थेनिसने इ.स.पू. ५०८ च्या सुमारास लोकशाहीचा पाया घातला, पण मताचा अधिकार स्त्रियांना नव्हता, गुलामांना नव्हता, बाहेरून येऊन राहिलेल्यांना नव्हता. ॲरिस्टॉटलसारखा प्रचंड बुद्धीचा माणूस, काही माणसे जन्मतःच गुलाम होण्यासाठी असतात असे लिहून गेला. मालाच्या यादीत गाणारी मुले नोंदवणारा तो व्यापारी याच समाजातला. पण तिथे दासाचा मालकही होऊ शकत होता. पॅसिऑन नावाचा एक गुलाम अथेन्समधल्या पेढीवाल्यांकडे होता. तो मोकळा झाला, पेढीचा मालक झाला आणि अथेन्सचा नागरिकही झाला. आपली मुले इसापनीतीच्या गोष्टी वाचतात, तो इसाप गुलामच होता असे हिरॉडोटस सांगतो. (वाघ-सिंहाचे कातडे पांघरलेल्या गाढवाची इसापची गोष्ट आपल्या जातकांतही आहे. कोणी कोणाकडून घेतली यावर विद्वान भांडतात, मुलांना दोन्ही सांगाव्यात.) गुलामी वाईटच. पण ती मोडता येत होती, विकत घेऊन सुटता येत होते. जातीतून पैसे भरून कोण सुटला आहे?

बाबासाहेबांनी ग्रीकांचा इतिहास असाच घेतला, पूजेला नव्हे, कामाला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचा आधार घेतला आणि संविधानिक नीतिमत्ता ही कल्पना मांडली. ती आपोआप येत नाही, अंगी बाणवावी लागते, असे त्यांनी बजावले. आणि एक वर्षाने, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, लोकसभेच्या कामकाजाच्या रीती भिक्खुसंघाला ठाऊक होत्या, ठराव, गणपूर्ती, मतदान सगळे तिथे होते, हे सांगितले. अथेन्स आणि संघ, दोन्हीकडून त्यांनी हवे ते उचलले.

आता मुख्य पाहुण्याकडे येऊ. आपल्या प्रत्येक वस्तीत एक तरी मिलिंद असतोच. बारशाला नाव ठेवताना आजीला विचारले तर ती सांगते, बाबासाहेबांच्या कॉलेजचे नाव. बरोबर आहे. पण त्या कॉलेजला ते नाव कुठून आले?

मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. इ.स.पू. दुसऱ्या शतकात तो पंजाबात राज्य करीत होता. सागल म्हणजे आजचे पाकिस्तानातले सियालकोट ही त्याची राजधानी. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्टी लिपीतले प्राकृत असते. तो मोठा वादपटू. त्याच्यापुढे उभे राहायला कोणी श्रमण-ब्राह्मण धजत नसे. तेव्हा भिक्खू नागसेन आले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात त्यांचा संवाद आहे. सगळ्यांना रथाचा दृष्टान्त माहीत असतो. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? एकही नाही, मग ‘नागसेन’ हेही सगळे मिळून झालेले एक नावच. पण मला त्याहून मोलाची वाटते ती वादाआधीची अट. नागसेन राजाला विचारतात, महाराज, वाद पंडितासारखा करणार की राजासारखा? फरक काय, असे राजा विचारतो. पंडितांच्या वादात एक जण हरतो, चूक दाखवली जाते, तो मान्य करतो आणि रागावत नाही. राजे मात्र आपले म्हणणे मांडतात आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा देतात. मिलिंद म्हणतो, पंडितासारखा करीन. सिंहासनावरून बोलणार नाही असे कबूल करणारा राजा! आणि ग्रंथ सांगतो की शेवटी तो धम्माला शरण गेला. प्लुटार्क हा ग्रीक लेखकही सांगतो की मिनँडर वारल्यावर त्याच्या अस्थी नगरांनी वाटून घेतल्या आणि त्यांवर स्मारके बांधली. ही तर तथागतांच्या धातूंच्या वाटणीची आठवण करून देणारी गोष्ट.

बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत काढले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला नाव मिलिंद आणि परिसराला नाव नागसेनवन. विचारणारा आणि उत्तर देणारा अशी दोघांची नावे एकत्र ठेवली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता (वेगळा जिल्हा १ मे १९८१ ला झाला). परतूर, अंबड, जाफराबाद, भोकरदनकडची पोरे पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात शिकायला गेली. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओट्याखाली बसावे लागले त्यांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव मिळाले. तेव्हा आता मुलाने विचारले तर सांगावे: तुझे नाव ग्रीक आहे, आणि ते पालीतून आपल्याकडे आले आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगाही होतो, आणि काही घरांत नाव त्या अर्थाने ठेवतात. आपल्या घरातला मिलिंद भुंगा नव्हे.

ग्रीकांनी मागे काय काय ठेवले याची यादी लांब आहे. गांधारात त्यांच्या शिल्पकलेच्या वळणाने बुद्धमूर्ती घडल्या. खांद्यावरून उतरणाऱ्या चीवराच्या चुण्या आणि लाटांसारखे केस ही तिकडची देणगी. सम्राट अशोकाने शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे घेतली आणि कंदहारला आपला उपदेश ग्रीक लिपीत, ग्रीक भाषेत कोरवला. तो लेख १९५८ साली सापडला. महावंस सांगतो की अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म सांगायला अशोकाच्या काळी जो थेर पाठवला गेला तो योन धम्मरक्खित होता. कोकणातल्या माणसाला धम्म एका ग्रीकाने सांगितला! आपल्या बोलीतला ‘दाम’ हा त्यांच्या द्राख्मा नाण्यावरून आला, ‘केंद्र’ हा शब्दही त्यांचाच.

आणि हो, ‘होरा’ही त्यांचाच. जन्मकुंडलीची राशी-लग्नांची ही सगळी मांडणी यवनांकडून आली. संस्कृतातल्या एका जुन्या ज्योतिषग्रंथाचे नावच ‘यवनजातक’ आहे. जे लोक पत्रिका जुळवताना ही वेदांतली विद्या आहे असे सांगतात त्यांना हे जरूर ऐकवावे. यवनांचे सगळेच घ्यावे असे नाही. पोढी घ्यावी, पत्रिका राहू द्यावी.

भोकरदनला जायचे तर जालन्याहून राजूरमार्गे एस.टी. मिळते. दीड-दोन तासांची वाट. गावात पाटी शोधत बसू नये, केळणेच्या काठाने चालावे आणि पायाखालच्या मातीचा रंग कुठे काळ्याचा पांढरा होतो ते पाहावे. खापराचा तुकडा दिसला तर हातात घेऊन पाहावा आणि तिथेच ठेवावा, पिशवीत टाकू नये. मग सिल्लोडवरून अजिंठा गाठावा. तिथे सगळे लोक आधी पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या चित्रांकडे धावतात. तुम्ही आधी नवव्या आणि दहाव्या लेण्यात जा. ती भोगवर्धनच्या काळातली आहेत, आणि जवळच्या बाराव्या लेण्यात एका व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. मुलांना निघण्याआधी ब्राह्मीतली य, व, न ही तीन अक्षरे वहीत गिरवून न्यावीत. अजिंठ्याला नाही, पण पुढच्या वर्षी कार्ल्याला गेलात तर खांबावर ती त्यांना स्वतः वाचता येतील. पायऱ्या उंच आहेत. पाण्याची बाटली बरोबर असू द्यावी.